न मोजलेल्या मेंढरांच्या मागे

पुण्याहून निघताना माझ्याजवळ एक सतरंजी, तांब्या-फुलपात्र, दोन पातळं, हिवतापाच्या गोळ्या, मेतकुटाचा डबा आणि एक पत्ता होता. पत्ता असा: गजानन तांबे, मुक्काम पेडगाव, जिल्हा परभणी. बाकी सगळ्या वस्तूंचा उपयोग झाला. पत्त्याचा तेवढा झाला नाही.

मी पुण्याच्या एका संशोधन संस्थेत अर्थशास्त्रात पीएच.डी. करणाऱ्या विद्यार्थ्यांची व्यवस्था पाहते. व्यवस्था म्हणजे शिष्यवृत्तीचे कागद, वसतिगृहातली खोली, मार्गदर्शकांच्या भेटीच्या वेळा, खेड्यांत माहिती गोळा करायला जाणाऱ्यांसाठी ओळखपत्रं आणि छापील तक्ते. कोणी आजारी पडला तर घरी पत्र लिहिणं हेही त्यातच आलं. मी स्वतः पीएच.डी. नाही. पण इतक्या वर्षांत एक गोष्ट नक्की कळली आहे. ही मुलं नापास क्वचितच होतात. ती गप्प होतात. आधी अहवाल उशिरा येतो, मग त्रोटक येतो, मग येतच नाही, आणि पुढे कधीतरी कळतं की अमका आपल्या तालुक्याच्या गावी शाळामास्तर झाला. प्रबंध तसाच माळ्यावर.

तांबे गप्प झाला होता. रत्नागिरीकडचा मुलगा, बुद्धीने तल्लख, स्वभावाने जरा हट्टी. विषय त्याने स्वतः निवडलेला. परभणी भागात धनगर आपली मेंढरं रात्री शेतकऱ्याच्या शेतात बसवतात, त्यांच्या लेंड्या-मुताचं खत शेताला मिळतं, आणि बदल्यात शेतकरी धान्य देतो. या देवघेवीचं अर्थशास्त्र काय, हा त्याचा प्रश्न. पहिलं वर्ष छान गेलं. मग दोन सत्रं त्याच्याकडून ओळही आली नाही. महिनाअखेर समितीची बैठक होती. त्या बैठकीपुढे अहवाल आणि मार्गदर्शकांची संमती आली नाही, तर शिष्यवृत्ती बंद आणि नाव कमी.

"मुलगा हुशार होता," त्याचे मार्गदर्शक सर मला म्हणाले.

मला तो 'होता' आवडला नाही. "मी जाऊन बघून येते," मी म्हणाले. सरांनी चष्मा काढून पुसला आणि मान हलवली. हल्ली त्यांना स्वतःला प्रवास सोसत नाही, असं ते म्हणत.

दौंडमार्गे मनमाड गाठलं. मनमाडला गाडी बदलून लहान रुळांच्या गाडीत बसायचं असतं. तिथे हमालाने माझी सतरंजी एका डब्यात आणि मला दुसऱ्या डब्यात चढवलं. औरंगाबाद येईपर्यंत मी सतरंजीची आशा सोडली होती, पण तिथल्या फलाटावर ती एका फौजदारसाहेबांच्या पाठीशी लोडासारखी ठेवलेली दिसली. त्यांनी ती मला परत दिली, वर "चांगली आहे" असा अभिप्रायही दिला.

जालन्यापुढे दोन्ही बाजूंना काळी जमीन सुरू झाली. फाल्गुन चालू होता. ज्वारी निघून गेली होती, धसकटं उभी होती आणि जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडल्या होत्या. मधूनच एखादा पळस पेटल्यासारखा उभा. आमच्या बायकांच्या डब्यात सेलूला उतरणारी एक बाई होती. तिने मला विचारलं, "कुठं चाललाव बाई? लेकीकडं?"

"नाही. विद्यार्थ्याकडे."

"कितवीला हाय?"

"त्याचं शिकून झालंय. आता पुढचं शिकतोय."

"अजून?" तिने शेजारणीकडे पाहिलं. "लगीन?"

"नाही झालेलं."

"मंग त्याला अगुदर तिथून काडा," ती म्हणाली आणि मला गूळ-शेंगदाणे दिले.

परभणीला मी माझ्या जुन्या मैत्रिणीकडे उतरले. ती तिथे मुलींच्या शाळेत शिकवते. हा भाग मुंबई राज्यात आला त्याला फार काळ झाला नव्हता. कचेऱ्यांवर नव्या मराठी पाट्या लागल्या होत्या आणि त्यांच्या शेजारी जुन्या उर्दू पाट्या अजून तशाच होत्या. टांगेवाल्याला "मामलेदार कचेरी" म्हटलं तर कळलं नाही, "तहसील" म्हटल्यावर घोडासुद्धा वळला. मैत्रिणीने रात्री ज्वारीची भाकरी आणि अंबाडीची भाजी वाढली. अंबाडीत लसणाची फोडणी इतकी सढळ होती की प्रवासाचा शीण तिथेच उतरला. ती म्हणाली, "पेडगावला जातेस तर सकाळच्या गाडीने जा. नंतर ऊन बोलू देत नाही."

पेडगाव हे परभणीच्या अलीकडचंच स्टेशन. गाडीतून उतरून गावात गेले आणि तांबेने ज्यांच्याकडे खोली घेतली होती त्या ग्यानबा पाटलांचं घर विचारलं. त्यांच्या पत्नी, रुखमीणकाकू, ओसरीवर डाळ निवडत होत्या. मी माझं नाव-गाव सांगितलं.

"मास्तर?" त्या म्हणाल्या. "त्यो गेला की मेंढरामागं. गेल्याच्या गेल्या दिवाळीच्या अगुदर गेला. ट्रंक हितंच हाय."

"आणि त्याची पत्रं?"

"आलेत की पत्रं. ट्रंकीवरच ठिवलेत बगा."

खोलीत जाऊन पाहिलं. सरांची पत्रं ट्रंकेवर नीट रचून ठेवली होती, एकही फोडलेलं नाही. मी तिथेच खाटेवर बसले. इतके महिने सर चिडले होते की मुलगा उत्तर देत नाही. मुलाला प्रश्नच पोचले नव्हते. मला एकदम हलकं वाटलं, पण ते फार टिकलं नाही. पत्रं पोचली नाहीत हे कळलं. मग त्याने स्वतःहून एक का लिहिलं नाही?

काकूंनी धपाटे आणि दही समोर ठेवलं. "लय सवाल इचारायचा तुमचा पोरगा. पीठ किती लागतं, कोन किती भाकरी खातंय. म्या म्हनलं, मास्तर, तू जेव, मंग इचार. तर जेवता जेवता बी इचारायचा."

ग्यानबा पाटील तेवढ्यात शेतातून आले. ते दाराशी पाय धूत म्हणाले, "मला इचारलं, पाटील, तुमचा दिवसाचा येळ कशात जातो? म्हनलं, ल्ही, तुझ्या सवालात."

"त्रास दिला म्हणा की."

"तरास न्हाई ओ. गेल्यावर घर सुनं झालं. आता आमीच एकमेकाला इचारायलोत, तू किती भाकरी खाल्ल्या."

तांबे ज्या धनगरांबरोबर गेला होता त्यांच्या म्होरक्याचं नाव भिवाजी. त्यांचा वाडा (पाच-सहा कुटुंबं मिळून मेंढरं घेऊन हिंडतात तो तळ) पाथरीकडे असल्याचं पाटलांच्या कानावर होतं. म्हणून दुसऱ्या दिवशी मी पाथरीची मोटार धरली.

मानवतच्या पुढे मोटार तापली आणि थांबली. सगळे उतरून कडुलिंबाखाली बसलो. ड्रायव्हरने उतारूंवरून नजर फिरवली आणि ती माझ्यावर थांबली. "बाई, तुमचा तांब्या द्या." विहीर लांब होती. तो माझ्या तांब्याने खेपा घालत राहिला आणि उतारू किती खेपांत इंजिन थंड होईल यावर पैजा लावत राहिले. तांब्या परत मिळाला तेव्हा त्याला एक खोल पोचा आला होता. ड्रायव्हर म्हणाला, "आता चोराला बी नको वाटंल." हे खरं होतं.

पाथरीच्या बाजारात घोंगड्यांचं एक दुकान आहे. धनगरांकडून लोकर घेणारा माणूस त्यांचा ठावठिकाणा जाणतो, असा मी हिशेब केला. दुकानदार कासीमभाई, दाढी पिकलेला, बोलणं दख्खनी आणि मराठी यांचं मिश्रण. भिवाजीचं नाव काढताच ते म्हणाले, "वो तो पालमकडं गेला, बाई. पंधरवडा झाला असंल. बैठो, च्या पियो."

"त्यांच्याबरोबर एक शिकलेला मुलगा होता."

कासीमभाईंनी घोंगडीची घडी मोडली आणि परत घातली. "सवालवाला मास्तर. था. आता न्हाई. त्यांनी त्याला बाहेर काढलं."

"मारलं?"

"तोबा. मारतील कशाला? त्याचं अंथरूण उचललं आणि वाघरीच्या भायेर ठिवलं. बस." वाघर म्हणजे रात्री मेंढरांभोवती उभी करतात ती सुतळीची जाळी. वाड्याची माणसं आणि जनावरं तिच्या आश्रयाला झोपतात. अंथरूण बाहेर ठेवलं म्हणजे तू आमचा नाहीस. एक शब्द बोलावा लागत नाही.

"त्याने केलं तरी काय?"

"मेंढरं मोजली." कासीमभाईंनी आवाज जरा खाली आणला. "धनगराला इचारा पोरं किती, सांगंल. जमीन किती, न्हाई म्हणून सांगंल. मेंढरं किती, ये सवाल न्हाई करायचा. मोजलं की बरकत जाती, असं त्यांचं हाय. मी जवानीपासून त्यांची लोकर घेतो, मला बी माहीत न्हाई. इसने मोजली, और आठ दिवसात मेंढरांना देवी आल्या. आता तुमीच सांगा."

मी चहा संपवला. मन थाऱ्यावर राहत नव्हतं. भरल्या बाजारातून चालताना मला तो मुलगा त्या काळ्या रानात वळकटी घेऊन एकटा उभा दिसत होता, आणि तो पुढे कुठे गेला हे कोणालाच ठाऊक नव्हतं.

परभणीला परत येऊन मी गंगाखेडची गाडी धरली. गंगाखेडच्या अलीकडे गोदावरी लागते. पाणी आटून एका काठाला गेलं होतं, वाळवंटात टरबुजांच्या वाड्या हिरव्या दिसत होत्या. डब्यातल्या सगळ्यांनी नदीला हात जोडले, मीही जोडले आणि तांबेसाठी काही मागून घेतलं. गंगाखेडहून पालमला जाणाऱ्या मोटारीत एका म्हाताऱ्याच्या कोंबड्या माझ्या पायाशी होत्या. रस्ता असा, की मोटारीतून उतरताना माणूस आणि कोंबड्या एकाच रंगाच्या झाल्या होत्या.

पालम लहान गाव. चार दुकानं, एक चावडी, एक शाळा. शाळेवरून जाताना आतून पाढ्यांचा आवाज आला आणि त्या आवाजामागे एक ओळखीचा आवाज. मी खिडकीतून पाहिलं. तांबे फळ्यापुढे उभा होता, हातात खडू, रापलेला, पण धडधाकट. मी पायरीवर बसून घेतलं. तो जिवंत होता, बरा होता. आणि मी ज्याला इतकी वर्षं भ्यायले तेच झालं होतं: तो शाळामास्तर झाला होता.

शाळा सुटल्यावर तो बाहेर आला आणि खांबाला धरून उभा राहिला. "बाई, तुम्ही?"

"मीच. जेवलात का?"

"सरांनी पाठवलं?"

"मी आले. आधी जेवू, मग बोलू."

इथले गुरुजी आजारी रजेवर होते म्हणून गावाने त्याला ठेवून घेतलं होतं. त्याने चुलीवर कण्या शिजवल्या. मी मेतकुटाचा डबा काढला. त्याने मेतकूट कालवलं आणि मान खाली घालून जेवला. मग बोलू लागला.

"तक्त्यातला पहिला रकाना मेंढरांच्या संख्येचा. सरांनी पहिल्या वर्षीच सांगितलं होतं, संख्या नसेल तर दर मेंढरामागे धान्य किती हे निघत नाही, आणि ते निघत नसेल तर प्रबंध नाही. भिवाजीमामांना विचारलं तर ते हसायचे. संख्येशिवाय सरांना लिहायचं तरी काय, म्हणून लिहिलंच नाही. मग एका सकाळी मी वाघरीच्या तोंडाशी उभा राहिलो. मेंढरं एकेक बाहेर पडतात तेव्हा या खिशातला खडा त्या खिशात टाकत गेलो. धुरपतामायने बघितलं." धुरपतामाय म्हणजे भिवाजीची बायको. "पुढच्या आठवड्यात देवी आल्या. कोकरं गेली, दोन दुभत्या गेल्या."

"तुमच्यामुळे नाही गेल्या."

"ते मला माहीत आहे, बाई. पण त्यांना काय वाटेल हेही मला माहीत होतं. वर्षभर त्यांच्या चुलीवरचं खाल्लं होतं मी. माहीत असून मोजलं."

मी सरळ विचारलं, "तो आकडा आहे अजून तुमच्याकडे?"

"आहे. डोक्यात."

"मग प्रश्न मिटला. तक्त्यात भरा, चार पानांचा अहवाल लिहा. मी उद्याच्या मोटारीने निघते, बैठकीआधी पोचते."

"नाही भरणार."

"तांबे, नाव कमी होईल."

"होऊ दे."

"आईला काय सांगाल?"

त्याने ताट उचललं. "आईला सांगेन, शाळेत लागलो. ती खूश होईल."

मला राग आला, आणि तोही खरा, कारण तो चूक म्हणत नव्हता आणि तरी सगळं वाया जात होतं. अशा वेळी मी वाद घालत नाही, कामं क्रमाने लावते. अहवालाच्या आधीचं एक काम राहिलं होतं. "भिवाजींची माफी मागितलीत?"

"कुठल्या तोंडाने जाऊ?"

"जे आहे त्याच. सकाळी जाऊ."

सकाळी एका शेतकऱ्याच्या बैलगाडीतून निघालो. वाडा गावापासून थोडा दूर, एका मोकळ्या रानात उतरला होता. आम्ही पोचलो तेव्हा उन्हं कोवळी होती. वाघर सोडून गुंडाळणं चाललं होतं, मेंढरं बाहेर पडून बांधाला लागली होती. काळी, ठेंगणी मेंढरं, आणि त्यांच्या वासाची एक ऊबदार भिंतच हवेत उभी. तांबेने मान दुसरीकडे वळवून ठेवली, म्हणजे नजरेनेही मोजल्यासारखं होऊ नये.

चुलीपाशी धुरपतामाय भाकरी थापत होती. तिने वर न बघता म्हटलं, "आले का सवालवाले मास्तर. आज खिशात किती दगडं आनलेत?"

तांबेने दोन्ही खिसे उलटे करून दाखवले. एका खिशातून खडूचा तुकडा पडला. तेव्हा पलीकडे वाघर गुंडाळणारी एक तरुण सून तोंडाला पदर लावून हसली.

"माय, माझं चुकलं," तो म्हणाला. त्याला पुढचं सुचेना. "तो आकडा मी कुठंच लिहिला नाही. कोणाला सांगितलाही नाही. शाळेत राहिलोय आता. लिहिणारही नाही."

भिवाजी मेंढरांकडून येत होते. उंच, सावळे, खांद्यावर घोंगडी, डोक्याला लाल पटका. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "ह्या कोन?"

"मी याच्या कॉलेजातली," मी म्हणाले. एवढंच बरं वाटलं. "हा घरी पत्रं लिहीना, म्हणून बघायला आले."

"आईसारक्या आल्यात," धुरपतामायने नवऱ्याला सांगितलं, आणि मला बसायला पोतं टाकलं.

भिवाजी तांबेपुढे उकिडवे बसले. "कोन्ता आकडा घिऊन बसलास रं? देवीत मेलेली गेली. शिमग्याच्या तोंडाला लय कोकरं झाली. पाथरीला चार इकली. तू मोजलेली हितं हायतच किती, अन् हितं हायत ती तू मोजली कुठं? तुजा आकडा शिळा झाला. शिळं कुत्र्याला बी घालू न्हाई."

तांबेच्या चेहऱ्यावरून काहीतरी उतरलं. त्याला एकदम रडू आलं आणि ते लपवायला तो चुलीचा धूर डोळ्यांत गेल्याचं नाटक करू लागला. धुरपतामाय म्हणाली, "धूर तिकडं चाललाय, मास्तर," आणि त्याच्या हातात भाकरी दिली.

इतक्यात रानाचा मालक आला, सोपानराव. त्याच्यामागे त्याची बायको डोक्यावर ज्वारीचं टोपलं घेऊन. रात्री मेंढरं बसली होती ती जागा काळ्या मातीवर वेगळी उठून दिसत होती, ओलसर, तुडवलेली, लेंड्यांनी भरलेली. सोपानराव आणि भिवाजी तिच्या कडेकडेने पावलं टाकत निघाले, जणू देवाला प्रदक्षिणा. एका कोपऱ्याशी दोघं थांबले.

"ह्यो कोपरा धरायचा न्हाई," सोपानराव म्हणाला. "हितं मेंढरं बसलीच न्हाईत."

"बसली की. तू घरी घोरायलातास, मी हितं होतो."

"घोरायलो तर घोरायलो. लेंडी कुठं हाय दाव."

तांबे भाकरी हातात धरूनच उठला. तो त्या कोपऱ्यात खाली वाकला, चिमूटभर माती उचलून बोटांत चुरली आणि नाकाशी नेली. "उशिरा बसलीत," तो सोपानरावाला म्हणाला. "कुत्रं भुंकलं असेल, कळप इकडे सरकला. लेंडी कमी, पण माती ओली आहे. अर्धा कोपरा धरा."

भिवाजी म्हणाले, "अर्धा धर." सोपानरावाने मान हलवली आणि त्याची बायको पायलीने ज्वारी मोजून धुरपतामायच्या पोत्यात घालू लागली. शेवटी तिने वरची एक मूठ घातली. ती मूठ हिशेबाबाहेरची, मेंढरांच्या देवासाठी.

मी हे सगळं पाहत होते. मला मेंढरांचं काही कळत नाही, पण व्यवहार कळतो. मी सोपानरावाला विचारलं, "हे किती मेंढरांचं दिलंत?"

तो बुचकळ्यात पडला. "मेंढराचं कोन देतंय बाई? मी रानाचं द्यायलोय. जेवढं रान भिजलं तेवढं."

मी तांबेकडे वळले. "हे तुमच्याकडे टिपलेलं आहे?"

"हो. रोजचं. कुठलं रान, किती भिजलं, किती धान्य दिलं, कोपऱ्याचं भांडण झालं का, जेवण घातलं का. दोन हंगामांचं आहे."

"कुठे लिहिलंय?"

"शेवटच्या रकान्यात. 'इतर' मध्ये."

"तांबे, घेणारा आणि देणारा दोघंही ज्याचा भाव करतात ते 'इतर' कसं?"

"पण तक्ता सरांनी मंजूर केलेला आहे. पहिला रकाना..."

"तक्ता मी छापून आणते," मी म्हणाले. "छापखाना माझ्या ओळखीचा आहे. रकाना बदलता येतो. सर मंजूर करतील की नाही हे मला सांगता येणार नाही. पण त्यांना वाचायला चार पानं तर द्या. गप्प राहिलात तर ते नाहीच म्हणणार."

त्याने भाकरीचा उरलेला तुकडा तोंडात घातला आणि त्या भिजलेल्या रानाभोवती एकटाच पुन्हा फिरून आला. परत आला तेव्हा त्याचे डोळे पहिल्या वर्षीच्या मुलाखतीत होते तसे झाले होते. "बाई, दर मेंढरामागे नाही. दर भिजल्या रानामागे. मग शेतकऱ्याच्या पिकाशीही तो आकडा जोडता येतो. मेंढरांच्या संख्येवरून तो जोडताच आला नसता."

"हे मला सांगू नका. कागदावर सांगा."

निघताना धुरपतामायने त्याला विचारलं, "वाकळ कुठं हाय तुजी?"

"शाळेत."

"घिऊन ये. आत टाक. सवाल इचारायचे तर दिवसाचे इचार, रातीला आमाला झोपू दे."

पुढचे दोन दिवस आम्ही शाळेच्या बाकावर बसून अहवाल लिहिला. शाळा सुटली की तो सांगायचा आणि मी शुद्ध प्रत करायचे. कोळसे जसे फुंकल्यावर पेटतात तसा तो बोलायचा, मला मधूनच थांबवून वाक्य बदलायला लावायचा, आणि मी न कुरकुरता बदलायचे. गप्प मुलगा बोलू लागला की कागद कितीही गेले तरी चालतात. शाळेशेजारच्या सुताराच्या घरून आमच्यासाठी जेवण यायचं, एकदा येसराची आमटी आली. येसर म्हणजे भाजलेल्या धान्याचं मसालेदार पीठ. मी ते पुण्यासाठी बांधून घेतलं. रजेवरचे गुरुजी बरे होऊन परत येत होते, त्यामुळे शाळेचाही प्रश्न आपोआप सुटला. तांबे मला मोटारीत बसवून, वळकटी खांद्यावर घेऊन वाड्याकडे निघाला. मी मागच्या काचेतून तो दिसेनासा होईपर्यंत पाहिलं. चालण्यात घाई होती. तेवढं मला पुरे होतं.

परतीच्या प्रवासात काही हरवलं नाही, काही मोडलं नाही. मनमाडला हमालाने सतरंजी आणि मला एकाच डब्यात चढवलं. मी अहवाल उशाखाली घेऊन झोपले आणि थेट दौंडला जागी झाले. इतकी गाढ झोप मला कित्येक महिन्यांत लागली नव्हती.

पुण्यात सरांच्या टेबलावर अहवाल आणि ती न फोडलेली पत्रं ठेवली. पत्रं परत येताना पेडगावहून आणली होती. सरांनी आधी पत्रांकडे पाहिलं. एक उलटून पाहिलं, स्वतःचंच अक्षर. मग अहवाल वाचायला घेतला. मी खिडकीशी उभी राहिले, कारण बसवत नव्हतं. पहिल्या पानावर त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "संख्या नाही," ते म्हणाले. दुसऱ्या पानावर पेन्सिल उचलली. तिसऱ्या पानावर ती खाली ठेवली. शेवटचं पान वाचून झालं तेव्हा ते पहिल्या पानावर परत गेले.

"हे मान्य आहे असं मी म्हणत नाही," ते म्हणाले. "भिजलेल्या जागेला दोन माणसं पावलांनी मोजतात. एकाची पावलं लांब, एकाची आखूड. याला मी एकक कसं मानू?"

"ते भांडून ठरवतात, सर."

"रोज?"

"रोज."

समितीसाठीचा संमतीचा कागद मी आधीच टेबलावर ठेवला होता. सरांनी तो ओढला, सही केली आणि माझ्याकडे सरकवला. मी शाई वाळण्याचीही वाट न बघता तो उचलला.

दारापर्यंत गेले तेव्हा मागून त्यांचा प्रश्न आला. "त्या भागात उन्हाळ्यात प्यायला पाणी मिळतं का हो?"

मी वळले. गेल्या कित्येक वर्षांत सर कुठल्याच विद्यार्थ्याच्या गावी गेले नव्हते. मुलं गप्प होतात त्याचं एक कारण मला तेव्हा, त्यांच्या दारात उभं राहून कळलं. प्रश्न अडला की तो कागदावरून पुण्याला यायचा, उत्तर कागदावरून परत जायचं, आणि मधल्या वाटेवर मुलगा एकटा पडायचा.

"मिळतं, सर," मी म्हणाले. "पण बरोबर तांब्या न्यावा लागतो. मी गाड्यांच्या वेळा लिहून देते."